मोगऱ्याच्या खोक्यातून गेलेलं रक्त

नाशिकला सहा दिवस राहून आले, पण त्र्यंबकेश्वर केलं नाही, काळाराम केला नाही, पांडवलेणी तर पाहिलीच नाहीत, असं सांगितलं की चिपळुणातली आमची मंडळी माझ्याकडे कीव केल्यासारखी बघतात. "मग केलंस तरी काय तिथे?" असं शेजारच्या वहिनींनी तोंडावरच विचारलं. मी काय केलं ते सांगायचं तर फ्रीजमधल्या बर्फाच्या ट्रेपासून सुरुवात करावी लागते, आणि तेवढा वेळ उभ्या उभ्या कुणाकडे नसतो. म्हणून लिहून काढते.

मी नलिनी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी कुणाचा रिपोर्ट हातात आला की मी आधी आकडे बघते आणि मग माणसाचं नाव. ही खोड काही जात नाही.

माझी थोरली बहीण उषाताई. शिक्षिका म्हणून तिची नेमणूक नाशिक जिल्ह्यात झाली आणि मखमलाबादच्या पुढे मळा असलेल्या एका शेतकऱ्याशी लग्न करून ती तिथलीच झाली. भाजीपाला आणि मोगरा हा त्यांच्या घराण्याचा धंदा. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाऊजी म्हणतात, तिकडे दाजी. मीही त्यांना दाजीच म्हणते, कारण पहिल्या भेटीतच ते म्हणाले होते, "भाऊजी म्हनलं की वाटतं कोनी सत्यनारायणाला बोलावतंय." तीस वर्षं दर मे महिन्यात ती दोघं आंब्याला आमच्याकडे येत राहिली. मी मात्र ताईच्या लग्नानंतर एकदाही त्यांच्या मळ्यात गेले नव्हते. कधी रजा नाही, कधी सासूबाईंचं आजारपण, कधी वाशिष्ठीचा पूर, काही ना काही निघायचंच.

गेल्या वर्षी दाजींची डावी किडनी काढली. कॅन्सरची गाठ होती. वर्ष बरं गेलं. या दिवाळीनंतर केलेल्या स्कॅनमध्ये फुफ्फुसात दोन बारीक ठिपके दिसले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू करू या म्हणून सांगितलं आणि त्याआधी रक्ताच्या काही तपासण्या करून आणायला सांगितल्या. डिसेंबरातल्या एका रविवारी ताईच्या मुलाने, कैलासने, त्या रिपोर्टचा फोटो मला मोबाइलवर पाठवला. खाली लिहिलं होतं, "मावशी, एलडीएच खूप वाढलंय. नेटवर वाचलं. बाबा गोळ्या नकोच म्हणतात."

एलडीएच हे एक एन्झाइम. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पोटात ते असतं आणि पेशी मोडली की रक्तात सांडतं. गाठ जोमाने वाढत असली तर ते रक्तात चढलेलं दिसतं. म्हणून किडनीचा कॅन्सर पसरलेल्या माणसाचं पुढे कसं जाईल याचा अंदाज बांधताना डॉक्टर ज्या चार-पाच गोष्टी बघतात, त्यांत हेही बघतात. दाजींचा आकडा मर्यादेच्या दुपटीच्याही वर होता. कैलासने वाचलं होतं ते खोटं नव्हतं.

पण त्याच पानावर पोटॅशियमही चढलेलं होतं. यकृताच्या दोन एन्झाइमांपैकी एकच वाढलं होतं, दुसरं जागच्या जागी होतं. हाडांकडून येणारं एन्झाइमही ठीक होतं. एलडीएच, पोटॅशियम आणि यकृताचं ते एक एन्झाइम, ही तिन्ही अशी हातात हात घालून चढलेली मी नोकरीत असंख्य वेळा पाहिली होती. रक्तातल्या तांबड्या पेशींत ही तिन्ही असतात, आणि त्या माणसाच्या अंगात नव्हे तर नळीत मोडल्या की यंत्र बिचारं जे सांडलं ते सगळं मोजून देतं. अर्थात एकच किडनी उरलेल्या माणसाचं पोटॅशियम खरोखरही वाढू शकतं. घरी बसून यातलं खरं काय ते कळणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंची वेळ शुक्रवारची होती. मी त्याच रविवारी संध्याकाळी गाडीत बसले.

सोमवार: द्वारका आणि मळा

द्वारकेला उतरा असं कैलासने सांगितल्यावर मला काहीतरी देवाधर्माचं ठिकाण वाटलं होतं. निघाला तो चौक. वरून उड्डाणपूल, खालून सगळ्या दिशांनी रिक्षा आणि ट्रक, आणि त्यात ती थंडी. आम्हा कोकणातल्यांची थंडी एका शालीत भागते. नाशिकच्या थंडीने माझी शाल पहिल्या पाच मिनिटांत निकालात काढली.

कैलासने फोनवर सांगितलं होतं, "मावशी, कोपऱ्यावर थांबा." कुठल्या ते सांगितलं नव्हतं, आणि द्वारकेला कोपरे हवे तेवढे आहेत. अर्धा तास आम्ही एकमेकांना "मी इथेच उभी आहे", "मी पण इथेच उभा आहे" असं सांगत राहिलो. शेवटी टपरीवरच्या चहावाल्याला माझी दया आली. "बाई, त्या समोरच्या पिकअपकडं बघा ना," तो म्हणाला, "मघापास्नं हात हालवून ऱ्हायलाय." तो कैलासच होता.

मळ्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागल्या. एका बागेकडे बोट दाखवून कैलास म्हणाला, "ही बाग बघा मावशी. यंदा लय भारी फुटली होती. एकसारखी." छाटणीनंतर वेलीला नवी फूट आली की इथे बाग फुटली म्हणतात. मी हं म्हटलं आणि गारठलेले हात काखेत धरून बसले. त्या शब्दाकडे माझं तेव्हा लक्ष गेलं नाही.

दाजी अंगणात उन्हाला बाजेवर बसले होते. मफलर गुंडाळून, पाय वर घेऊन. मे महिन्यात आमच्या अंगणात पंधरा आंबे एका बैठकीत संपवणारा माणूस आता निम्मा उरला होता. मला बघून हसले मात्र तसेच.

"या नलूबाई. आकडा बघाया आल्या का मानूस बघाया?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मानूस बघून घ्या मग. आकड्याचं सोडा."

जेवायला बाजरीची भाकरी, उडदाचं घुटं आणि ठेचा होता. आमच्याकडे मिरची जेवणात घालतात. इथे मिरचीबरोबर जेवण घेतात. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ताई इतकी हसली की तिच्याही डोळ्यांतून आलं. ती नंतर बराच वेळ डोळे पुसत होती, तेव्हा ते हसण्याचं नव्हतं हे मला कळलं.

दुपारभर माणसं दाजींना बघायला येत होती. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणारा दोन शहाळी घेऊन जातो आणि मोकळ्या हाताने परततो. मळ्यात उलटं. येणारा मोकळा येतो, तासभर बसतो, कुणाचा कोण कशाने बरा झाला ते सांगतो आणि जाताना ताई त्याच्या पिशवीत मेथी, वांगी, कोथिंबीर कोंबते. संध्याकाळपर्यंत मी ऐकलेले उपाय दाजींनी केले असते तर कॅन्सरची गरजच उरली नसती.

घरामागे मोगऱ्याचा वीस गुंठ्यांचा तुकडा होता. झुडपं वेडीवाकडी वाढून एकमेकांत शिरली होती. "हे असंच असतं?" मी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "एव्हाना छाटून व्हायला हवं होतं. डिसेंबरात छाटायचा, मग नवी फूट येते, होळीच्या सुमाराला कळी धरते. यंदा छाटू नका म्हणालेत." ती दोरीवरचे कपडे काढत होती. माझ्याकडे पाठ ठेवूनच तिने पुढचं सांगितलं. "म्हणाले, होळीची कळी बघायला कोण आहे."

मंगळवार: थर्मोकोलचं खोकं

सकाळी मी चौकशीला बसले. दाजी पडवीत कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते आणि ताई माझ्यासमोर लसूण सोलत होती.

"रक्त काढलं कुणी?"

"गावातल्या सिस्टर घरी आल्या होत्या. एका टोचणीत काढलं त्यांनी. ह्यांना तेव्हा ताप होता ना, म्हणून घरीच काढलं आणि नळ्या लॅबला पोचवल्या, गंगापूर रोडला. कैलास माल घेऊन चाललाच होता, त्याच्याबरोबर दिल्या."

"दिल्या कशातून?"

ताईने कपाटावर बोट दाखवलं. वर पांढरंशुभ्र थर्मोकोलचं खोकं होतं. मोगऱ्याची कळी याच खोक्यांतून मुंबईला जाते. खाली बर्फ, वर ओला फडका, त्यावर कळी, कारण बर्फ नसला तर कळी वाटेतच उमलते आणि उमललेल्या मोगऱ्याला कुणी विचारत नाही. दाजींनी चाळीस वर्षं हे काम केलंय. त्या दिवशी मोगऱ्याचा हंगाम नव्हता, पण खोकं होतं.

"त्यांनी स्वतः भरलं गं," ताई म्हणाली. "अंगात ताप असताना. फ्रीजमधले दोन्ही ट्रे रिकामे केले. नळ्या बर्फात उभ्या रोवल्या, वरून आणखी बर्फ लावला. म्हणाले, माल ताजा पोचला पायजे."

मी कपाळावर हात मारला. ज्या रक्ताची तपासणी करायची ते उघड्या बर्फात कुणी रोवत नाही. बर्फ भिडला की तांबड्या पेशी मोडतात. वर मळ्याचा खड्ड्यांचा रस्ता, आणि आधी बाजार समिती करून मग लॅब. असा प्रवास केलेल्या नळीत धड काय राहणार होतं? इतक्या काळजीने इतकं नुकसान झालेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मी कैलासकडून रिपोर्टचे कागद मागवले. त्याने मला पहिल्या पानाचा फोटो पाठवला होता. शेवटच्या पानावर तळाशी इंग्रजीत बारीक अक्षरांत दोनच शब्द होते: नमुना हिमोलाइज्ड. म्हणजे पेशी मोडलेला. लॅबने आपलं काम चोख केलं होतं.

"हे मी वाचलं होतं," ताई हळूच म्हणाली. "मला वाटलं, आजाराचंच काहीतरी नाव असेल."

मी तशीच उठून पडवीत गेले आणि दाजींना सगळं सांगितलं. नमुना खराब झाला होता, बर्फाने. तो आकडा तुमचा नाहीच. उद्या जाऊन परत रक्त देऊ, शुक्रवारी नवा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाऊ. मला वाटलं होतं, माणूस जागेवरून उडी मारेल.

दाजींनी हातातली जुडी बांधली, तिचे देठ सारखे केले आणि म्हणाले, "बरं."

"बरं म्हणजे उद्या जायचं?"

"नाय. परत रक्त द्यायचं नाय मला."

"पण का?"

"नलूबाई, लांबून आल्या. हुरडा खा, आराम करा. रक्ताचं बोलू नका."

मी बोलले. चांगली तासभर बोलले. दवाखान्यात दारू पिऊन आलेल्या माणसांना सरळ करणारा माझा आवाज आहे, तोही लावून पाहिला. दाजी जुड्या बांधत राहिले. माणूस भीतीने नाही म्हणतो तेव्हा कारणं देतो, हे मला माहीत आहे. दाजी काहीच कारण देत नव्हते, आणि त्यानेच मला चैन पडेना. रात्री झोपताना मी ताईला सांगितलं, "मी रक्त घेतल्याशिवाय नाशिक सोडत नाही. लागलं तर होळीपर्यंत राहते."

बुधवार: गंगेवर

माझी आंघोळ होईपर्यंत दाजी गायब झाले होते. "गंगेवर गेलेत," ताई म्हणाली. मी ओल्या केसांनिशी तशीच दाराकडे धावले. आमच्याकडे आजारी माणूस गंगेवर गेला म्हणजे दुसरंच काहीतरी. मग ती हसली. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि बुधवारी गंगेवर बाजार भरतो. कैलास त्यांना चार पोती कोथिंबीर घेऊन तिथे बसवून आला होता. मी रिक्षा केली.

घाटाच्या बाजूने बाजार पसरला होता. मेथीचे ढीग, गाजराचे ढीग, मटारचे डोंगर. चिपळुणात हीच भाजी घाटावरून येते आणि पोचेपर्यंत माझ्यासारखी निवृत्त होते. इथे ती अजून ओली होती. दाजी पोत्यावर बसून पाणी शिंपडत होते. मला बघून त्यांनी दुसरं पोतं सरकवलं. मी त्यावर बसले आणि जुड्या लावायला लागले. माझी रचना बघून त्यांनी सगळ्या जुड्या परत उलट्या केल्या. देठ आत, पाला बाहेर.

गिऱ्हाईक जरा पातळ झालं तेव्हा ते आपणहून बोलले. "घरी बसलो की मानसं मला बघाया येतात. हितं कोथमीर बघाया येतात. बरं वाटतं."

"दाजी, एकच सांगा. रक्त का द्यायचं नाही? कारण पटलं तर मी आजच्या गाडीने परत जाते."

त्यांनी बराच वेळ पाणी शिंपडलं. नको तिथेसुद्धा शिंपडलं.

"तुमी दोघी बहिनी माझी समजूत काढताय, ते कळतं मला," ते म्हणाले. "बर्फ काय, खोकं काय. पन त्या लॅबवाल्याचा फोन मला आला व्हता. उषा शाळेतल्या बाईंकडं गेलती, कैलास बाजारात. मीच उचलला."

"काय म्हणाला तो?"

"म्हनला, बाबा, तुमचं रक्त फुटलंय."

"आणि पुढे?"

"पुढं काय ऐकायचं? ठेवला मी फोन." त्यांनी एक जुडी उचलली आणि परत होती तिथे ठेवली. "गाठ फुटली म्हंजे काय व्हतं ते अडान्यालाबी कळतं. छातीतली ती गाठ रक्तात फुटली. मंग दोन दिवसांनी रिपोर्ट आला, आकडा बी तसाच. आता गोळ्या कुनासाठी खायच्या? उषाला सांगितलं नाय मी. तुमी बी सांगू नका."

मी हसले. देवाशपथ, मला हसूच आलं, इतकं मोठ्याने की मटारवाली बाई वळून बघायला लागली. आणि हसता हसता मला रडू कोसळलं. पाच-सहा दिवस हा माणूस ते एक वाक्य पोटात ठेवून जुड्या बांधत बसला होता. आलेल्या प्रत्येकाचे उपाय ऐकून घेत होता. मोगरा छाटू नका म्हणाला होता.

"दाजी," मी म्हटलं, "फुटलं ते नळीत. तुमच्या अंगात नाही. रक्तातल्या पेशी नळीत मोडल्या की लॅबवाले म्हणतात रक्त फुटलं. आमच्या धंद्यातला शब्द आहे तो. तो पोरगा पुढे म्हणणार होता की परत नमुना द्या. तुम्ही फोन ठेवलात."

त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"माझी शपथ?"

"तुमची, माझी, उषाताईची, सगळ्यांची. मीच हे वाक्य बत्तीस वर्षं लोकांना सांगत आले. तुमचं रक्त फुटलंय, परत या. हेच, याच शब्दांत."

आणि हे बोलता बोलता मला दवाखान्यातली माझी खिडकी आठवली. खिडकीतून हे वाक्य टाकून मी पुढच्या माणसाचं नाव पुकारायची. त्यातले काही परत येत नसत, आणि आम्ही म्हणायचो, लोकांना तब्येतीची फिकीरच नाही. त्यांतल्या किती जणांनी ते दाजींसारखं ऐकलं असेल? मला फार लाज वाटली. त्या बाजारात, कोथिंबिरीच्या ढिगापुढे बसून, इतकी की मी मान वर करू शकले नाही.

दाजींचं डोकं तोवर त्यांच्या वाटेने चाललं होतं. "म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "माल वाटंत फुटला. झाड चांगलं हाय."

त्यांना खोटं सांगणं सोपं होतं. पण मी ते करणार नव्हते. "झाड चांगलं आहे असं मी म्हणत नाही. झाडाला रोग आहे, स्कॅनमध्ये दिसलाय. पण तो किती जोरात आहे, ते वाटेत फुटलेल्या मालावरून कसं ठरवणार?"

"नायच ठरवता येनार," दाजी एकदम ठणकावून म्हणाले. मालाबद्दल बोलताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा व्हायचा. "झाडापाशी जाऊन बघावं लागतं."

"मग चला."

"आधी कोथमीर जाऊ द्या," ते म्हणाले.

गुरुवार: गंगापूर रोड

चांदशीचा पूल ओलांडून आम्ही गंगापूर रोडला गेलो. मळा आणि हा रस्ता यांत एक नदी काय ती आड, पण इकडे काचेची दुकानं आणि कॉफीच्या पाट्या. दाजींनी धुतलेला सदरा घातला होता आणि नळी घेऊन नव्हे, हात घेऊन जायचंय हे कैलासला दोनदा सांगितलं होतं.

रक्त काढणारा मुलगा मन लावून काम करणारा होता, पण दाजींची शीर बारीक. मी त्याच्या मागे उभी राहून सूचना द्यायला लागले. पट्टा जास्त वेळ ठेवू नका. दट्ट्या हळू ओढा. नळी हलवू नका, फक्त उलटी-सुलटी करा. तिसऱ्या सूचनेला तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही बाहेर बसता का?" माझ्याच धंद्यात मला बाहेर काढलं. मी दारातून बघत राहिले. त्याने अगदी बरोबर काढलं.

मग मी एक विनंती केली. नळी यंत्रात फिरवून झाल्यावर आम्हाला दाखवाल का? त्याने काचेपलीकडून ती उजेडात धरली. खाली घट्ट लाल गोळा, वर फिकट पिवळं, नितळ पाणी.

"हे माझं?" दाजींनी विचारलं.

"तुमचंच," तो म्हणाला.

"अन् त्या दिसाचं कसं व्हतं?"

"लाल होतं, बाबा. मीच फोन केला होता तुम्हाला. तुम्ही ठेवून दिला."

"आमच्याकडच्या कोकमाच्या सरबतासारखं," मी म्हटलं. दर मे महिन्यात तांब्याभर सरबत पिणाऱ्या माणसाला आणखी सांगायची गरज नव्हती. त्यांनी काचेला नाक लावून त्या पिवळ्या पाण्याकडे बराच वेळ बघितलं.

निघताना मी त्या मुलाला बाजूला घेऊन दाजींनी काय ऐकलं ते सांगितलं. तो आधी हसला, मग हसणं अर्ध्यावर सोडून हातमोजे काढायला लागला. "मी रोज असंच सांगतो," तो म्हणाला.

"मीही सांगायची," मी म्हटलं. "तू आता आधी 'नळीतलं' म्हण आणि मग बाकीचं."

संध्याकाळी कैलासच्या मोबाइलवर रिपोर्ट आला. पोटॅशियम जागेवर, यकृताची दोन्ही एन्झाइमं जागेवर. एलडीएच मर्यादेच्या जरासंच वर. खरं सांगते, मला ते अगदी आत हवं होतं, आणि त्या जराशाने मी क्षणभर खट्टू झाले. ताईने मात्र देवापुढे साखर ठेवली.

शुक्रवार: मधला गट

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, जुन्यावर आडवी रेघ मारली आणि नवा दाजींकडे वळवला. बोलायला स्पष्ट बाई. त्यांनी सांगितलं, रक्तातल्या एन्झाइमवरून भविष्य कळत नाही, अंदाज बांधता येतो. धोक्याची रेघ साध्या मर्यादेपेक्षा बरीच वर असते आणि तुम्ही तिच्या खूप खाली आहात, ही जमेची बाजू. हिमोग्लोबिन मात्र कमी आहे, ती पडती बाजू. सगळं मिळून तुम्ही मधल्या गटात येता.

"मधल्या म्हंजे कसं?" दाजींनी विचारलं.

"म्हणजे आजार जाईल असं वचन मी देत नाही. पण गोळ्या घेण्यात नक्की अर्थ आहे. त्रास होईल, हातापायांची कातडी सोलेल, तोंड येईल, थकवा येईल. आपण सांभाळू. दर महिन्याला रक्त तपासायचं."

दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली. मग म्हणाले, "देईन. बिनबर्फाचं."

बाईंना अर्थ कळला नाही. ताई आणि मी त्यांच्यासमोर इतक्या हसलो की कैलासला सगळं समजावून सांगावं लागलं.

शनिवार: छाटणी

निघायच्या दिवशी सकाळी मोगऱ्यात माणसं होती. दाजी बांधावर खुर्ची टाकून बसले होते आणि मफलरमधून हुकूम सोडत होते. दोन बाया कात्री चालवत होत्या. झुडपं गुडघ्याइतकी उरली होती, पानं नाहीत, नुसत्या काटक्या. मला ते बघवेना.

"एवढं छाटतात?" मी विचारलं.

"छाटल्याबिगर फुटत नाय, नलूबाई," दाजी म्हणाले आणि बोलून झाल्यावर स्वतःच थांबले. मग माझ्याकडे बघून गालात हसले.

द्वारकेला मी या खेपेला बरोबर कोपऱ्यावर उभी राहिले. दोन हातांत तीन पिशव्या होत्या, तिन्हीत कोथिंबीर. गाडी सुटल्यावर मला आठवलं की थर्मोकोलचं ते खोकं कपाटावरून खाली आलं होतं आणि ताईने धुऊन उन्हात ठेवलं होतं.

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला सगळा त्रास वेळापत्रक पाळून आला. तळपाय सोलले, तिखट बंद झालं, आणि ठेच्याशिवाय जेवायचं म्हणून दाजी माझ्या नावाने ओरडत होते. ताई रोज फोन करायची. दाजी मात्र फोनवर येत नसत, कारण बोलायला तोंड दुखायचं. पहिल्या महिन्याच्या रक्ताच्या दिवशी मी सकाळपासून फोनपाशीच बसून होते.

दुपारी फोन वाजला. ताईचा नंबर होता, आवाज मात्र दाजींचा, बसलेला आणि बोबडा.

"नलूबाई," ते म्हणाले, "फुटलंय."

इतकं सगळं करून, इतकं समजावून शेवटी पुन्हा? मी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि दवाखान्यातला आवाज काढायचा प्रयत्न केला.

"कुठे फुटलंय, दाजी? नळीत का?"

पलीकडे ताई हसत असल्याचं मला ऐकू आलं.

"मळ्यात," दाजी म्हणाले. "वीसच्या वीस गुंठं."